तेरा हजार अँपिअरचा चढ

आमच्या घरात मोबाईल चार्ज होतो, रिक्षाची बॅटरी चार्ज होते, सासूबाई तर रोज सकाळी आपोआप चार्ज होऊन उठतात. फक्त मी असा आहे की कितीबी वेळ लावून ठेवा, दांडी एकच. असं माझी घरवाली म्हणते, आणि तिचं खोटं नाही.

मी घरजावई. बुऱ्हाणपुरात सासूबाईंच्या घरी राहतो आणि लालबागला, स्टेशनच्या रस्त्यावर ठेला लावतो. रिमोटचे सेल, चार्जर, टॉर्च, डास मारायची रॅकेट, असा माल. विकतो कमी, दुरुस्त करतो जास्त, आणि दुरुस्त केलेलं परत येतं त्याच्याहून जास्त. शाळेत मी गेलोच नाही असं नाही. गेलो होतो. पण मास्तर जे विचारायचे ते मला येत नव्हतं आणि मला जे येत होतं ते मास्तर विचारत नव्हते. मंग दोघांनी समजुतीनं मामला मिटवला. ठेल्याच्या आजूबाजूचे लोक मला इंजिनियर म्हणतात. पहिले कित्येक महिने मला वाटायचं, मानानं म्हणतात.

ई-रिक्षा घरवालीची आहे. तिच्या नावावर, आणि चालवतेबी तीच. शिकायला मैदानावर आम्ही दोघं गेलो होतो. ती दोन फेऱ्यांत शिकली. मी पहिल्याच फेरीत एका दूधवाल्याच्या सायकलवर गेलो, आणि दूधवाला सायकलवरच होता. त्या दिवशी माझं लायसन निघायच्या आधीच रद्द झालं.

रिक्षा घेतली खरी, पण स्टेशनवर तिला कोणी धड धंदा करू देत नव्हतं. तिथं नंबरानं सवारी भरायची पद्धत आहे. हिचा नंबर आला की कोणीतरी मधेच गाडी घालायचा आणि वरून म्हणायचा, भाभी, आप आराम करो. रोज भांडण. एकदा मी तिच्या बाजूनं भांडायला गेलो, तर त्यांनी मला चहा पाजला आणि मी त्यांच्याच बाजूनं बोलून परत आलो. त्यावर तिनं मला काय ऐकवलं ते इथं नाही सांगत.

म्हणून शाळेचं काम आलं तेव्हा तिला लॉटरीच लागल्यासारखं झालं. तापीच्या घाटाजवळच्या वस्तीतली लहान लहान पोरं, बालवाडीची, चढ चढून वर गावातल्या शाळेत न्यायची आणि आणायची. शाळा एका मॅडमची. मॅडम चांगल्या होत्या पण पक्क्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की पहिल्या दिवशी मी स्वतः पोरांबरोबर गाडीत बसीन. घाटाचा चढ गाडी न थांबता चढली तर काम तुमचं. चढावर थांबून मागं सरकली तर मला माफ करा, लेकरं लहान आहेत.

यात चुकीचं काहीच नव्हतं. चुकीचं एवढंच होतं की आमची गाडी नेमकी त्याच दिवसांत चढावर थांबायला लागली.

सपाटीवर एकदम ठीक. लालबागहून गावात मस्त पळायची. पण घाटाचा चढ लागला, गाडीत चार माणसं असली, की अर्ध्यावर जाऊन हुं हुं करायची, लाईट मंद व्हायचे आणि बंद. दोन मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, आणि दहा पावलांवर पुन्हा बंद. सवाऱ्या उतरून ढकलायच्या. एक म्हातारे बाबा तर ढकलून ढकलून वर पोचले आणि हिलाच म्हणाले, बेटी, मीच तुला सोडलं, आता तू मला काय देते?

घरवाली बॅटरीच्या दुकानात गेली तर तिथला माणूस म्हणाला, चारही बॅटऱ्या बदला. स्टेशनवरच्यांनी निदान केलं की बाईमाणसाचा पाय एक्सिलेटरवर जोरात पडतो, बॅटरी जाळून टाकली. हे तिला दहा जणांनी दहा वेळा सांगितलं. ती त्यांना उत्तर द्यायची, पण घरी आल्यावर गप्प बसायची. आमच्या घरात ती गप्प बसली म्हणजे समजायचं, पाणी डोक्यावरून चाललं आहे.

मी म्हटलं, घरात इंजिनियर असताना तू दुनियेला काहून विचारते?

माझ्याकडं पिवळं मीटर होतं. सीट उचलली. खाली चार बॅटऱ्या ओळीनं, एकीचं तोंड दुसरीला जोडलेलं. मी एकेकीला लाल-काळी वायर लावली. बारा आणि वर थोडं, बारा आणि वर थोडं, चारही बहिणी सारख्या. मी मीटर डॉक्टरच्या नळीसारखं गळ्यात अडकवून रुबाबात सांगितलं, बॅटऱ्या एकदम ए-वन, गाडीला काही झालेलं नाही, तुझ्या मनाचा वहम आहे.

दुसऱ्या दिवशी वहम चढावर थांबला. ती घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "तुमचं मीटर म्हणते चांगली आहे, गाडी म्हणते उतर. मी कोणाचं ऐकू?"

मी म्हटलं, आकडा तर बरोबर दाखवतो ना.

"बसल्या जागी तर तुम्हीबी धडधाकट दिसता. कामाला लावून पाहा ना तिला."

आता हे तिनं मला टोमणा म्हणून मारलं, पण माझ्या डोक्यात तेव्हाच लख्ख झालं. खरंच की. काही न करता बसलेली बॅटरी कशी आहे हे विचारण्यात काय अर्थ? तिला ओझं दिलं पाहिजे. मी भंगारातून मोटरसायकलच्या पुढच्या लाईटचा बल्ब आणला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि एकेका बॅटरीला लावला. बल्ब पेटवून ठेवायचा आणि मीटरकडं पाहत बसायचं. म्हातारी बॅटरी असली तर आकडा भराभर खाली पडतो. आमच्या चौघी बल्ब पेटवून मजेत उभ्या. आकडा थोडा खाली आला आणि तिथंच बसला. मी इतका वेळ पाहत बसलो की सासूबाई येऊन म्हणाल्या, जावईबापू, दिवसाढवळ्या दिवा लावून काय शोधून राहिले?

म्हणजे बॅटऱ्या तर चांगल्या दिसत होत्या. मंग मी माझं डोकं चालवलं, आणि जे झालं ते सगळं त्याच्यानंतर झालं. मी विचार केला, बॅटरी देते आहे, गाडीला पुरत नाही, म्हणजे मोटर जास्त खाते आहे. किती खाते ते मोजलं पाहिजे. मीटरवर एक भोक होतं आणि त्याच्यापाशी लिहिलेलं होतं दहा आणि पुढं ए. ए म्हणजे अँपिअर हे मला माहीत होतं. दहा म्हणजे दहा हे तर माहीतच होतं. मी लाल वायर त्या भोकात घातली आणि जशी व्होल्ट मोजायला लावतो तशी सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावली.

ज्यांना कळतं ते हे वाचून इथंच डोक्याला हात लावतील. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्होल्ट मोजताना मीटर लांबून पाहतं. करंट मोजताना मीटर स्वतः मधी उभं राहतं, सगळा करंट त्याच्या अंगातून जातो. आणि मी काय केलं, तर पूर आलेल्या तापीच्या तोंडावर भांडं धरलं. फाट्कन आवाज झाला, वायरीच्या टोकाचा लाल गोळा झाला, मीटरमधून एक छोटा काळा ढग निघाला आणि माझी डावी भुवई गेली. पुरी नाही गेली. अर्धी गेली, ते जास्त वाईट दिसतं.

सासूबाई आतून म्हणाल्या, "दिवाळी तर सरली, हा फटाका कोनं फोडला?"

घरवाली बाहेर आली, माझ्याकडं पाहिलं, मीटरकडं पाहिलं, आणि पहिले गाडीला तर काही झालं नाही ना ते तपासलं. गाडीला काही झालेलं नव्हतं. मंग मला विचारलं, किती आला करंट? मी म्हटलं, दहाच्या वर आहे.

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. मी हार मानणारा माणूस नाही, मला हार ओळखता येत नाही म्हणून. मी एक नवीन मीटर आणलं, खेकड्याच्या नांगीवालं. नांगी उघडायची, वायर मधी धरायची, नांगी बंद. वायर तोडायची नाही, मधी उभं राहायचं नाही, बाहेरूनच कळतं आत किती करंट वाहतो. मला वाटलं, भुवईवाल्यांसाठीच हे बनवलं असावं. सगळ्यात स्वस्त होतं ते उचललं.

सासूबाईंना मागं बसवलं, बरोबर गव्हाची दोन पोती. माझी जागा खाली, पायाशी, उचललेल्या सीटमध्ये तोंड घालून. घरवालीनं गाडी चढावर घेतली. मी मोटरच्या जाड वायरीवर नांगी लावली. मीटरवर शून्य. गाडी जोर लावते आहे, शून्य. गाडी हुं हुं करते आहे, शून्य. गाडी बंद पडली, तरी शून्य. मी खालून ओरडून सांगितलं की मोटर करंट खातच नाही, फुकटात चालते.

"मंग मी रोज चार्जिंगला लावते ती काय आराम करायला?" वरून आवाज आला.

मला वाटलं मीटर खराब निघालं. बसस्टँडजवळ ज्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलं होतं तिथं परत द्यायला गेलो. दुकानदारानं ऐकून घेतलं, एका हातानं हसू दाबलं आणि दुसऱ्या हातानं दुकानातल्या पंख्याची एक वायर नांगीत धरून दाखवली. आकडा आला. मंग म्हणाला, "भैया, ये घर की लाइन का मीटर है. बॅटरी का करंट इसको दिखताही नहीं."

घरच्या लाईनीचा करंट मागं-पुढं हलत राहतो, बॅटरीचा एका दिशेनं सरळ जातो, आणि स्वस्त नांगीला फक्त हलणारा कळतो, असं त्याचं म्हणणं. सरळवाला ओळखणारी नांगीबी मिळते, पण तिची किंमत ऐकून मी तिला हात न लावता परत ठेवायला सांगितलं. त्याला माझी दया आली असेल, किंवा भुवईची. म्हणाला, असं करा, तुमच्याच गाडीची वायर मीटर बनवा.

त्यानं जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. तापीला पूर आला की आपण पाणी बादलीनं मोजतो का? घाटावर जाऊन पाहतो, किती पायऱ्या बुडाल्या. जाड वायरीतून करंट जातो तेव्हा तिच्या ह्या टोकाला आणि त्या टोकाला इतकुसा फरक पडतो, व्होल्टचा हजारावा भाग, मिलीव्होल्ट. तीच आपली पायरी. आता एक पायरी म्हणजे किती पाणी, ते आधी ठरवायचं. त्याच्यासाठी माझा मोटरसायकलचा बल्ब, तो खिशातच होता. त्यावरचं बारीक लिहिलेलं वाचून तो म्हणाला, हा साधारण पाच अँपिअर खातो. बल्ब त्याच वायरीतून पेटवा, फरक पाहा, लिहून ठेवा. मंग चढावर फरक पाहा. जितक्या पट फरक, तितक्या पट करंट. आणि ह्या कामाला नांगी लागत नाही, ह्याच मीटरच्या लाल-काळ्या वायरी पुरे.

मी इतका खुश झालो की मीटर परत करायचंच विसरलो. बरं झालं, नाहीतर पुन्हा घ्यावं लागलं असतं.

घरी येऊन दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या एका जाड वायरीतून बल्ब पेटवला. फरक दीड मिलीव्होल्ट आला. घरवालीनं मोबाईलवर हिशेब बसवला, दीडाला पाच. हिशेबाचं खातं तिच्याकडं आहे, ती आठवी पास आहे.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मोठी परीक्षा घ्यायची ठरली. ओझं खरं पाहिजे होतं, आणि गहू तर दळून आणलेला. सासूबाईंनी त्यांच्या भजनी मंडळातल्या बाया बोलावल्या. घाटावर दर्शनाला फुकट नेतो, येताना फक्त बसून राहायचं, एवढीच अट. सहा जणी आल्या, एकीनं टाळ आणले. सहा जणींमध्ये एकीचंही वजन बालवाडीतल्या पोरासारखं नव्हतं, म्हणून घरवाली म्हणाली, ह्यांना घेऊन चढली तर शाळेला घेऊन तर उडेल.

दर्शन झालं. बाया समोरच्या सीटवर आणि खाली दाटीवाटीनं बसल्या, भजन सुरू झालं. मी पुन्हा खाली सीटमध्ये. दुकानदारानं सांगितलं होतं, दोन्ही टोकं वायरीवरच टेकवा, वायरीच्या शेवटी जे तांब्याचं थिंबल असतं त्यावर. ह्या बाजूचं थिंबल मोकळं होतं, टेकवलं. त्या बाजूच्या थिंबलवर रबराची टोपी होती. घरी ती वर करून टोक टेकवलं होतं, हलत्या गाडीत टोपीखाली बोट जाईना. मी म्हटलं, थिंबल काय आणि ज्या टर्मिनलवर ते कसलं आहे ते टर्मिनल काय, एकाला एक चिकटलेलेच तर आहेत. मी काळी वायर थिंबल सोडून पलीकडं बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवली.

गाडी चढाला लागली. आकडा धावायला लागला. मीटरच्या त्या खटक्यावर मावेना, मी मोठ्या आकड्याचा पुढचा खटका लावला, तिथंबी मावेना, आणखी पुढचा लावला. चार व्होल्ट. मी ओरडून सांगितलं, चार हजार मिलीव्होल्ट. घरवालीनं गाडी तशीच रेटत ठेवून मागच्या एका बाईला मोबाईल दिला, त्या बाईनं भजन थांबवून दीडाला पाच तर चार हजाराला किती ते दाबलं, आणि म्हणाली, "तेरा हजारांच्या वर येते बाई."

मी खालून जाहीर केलं की आपली मोटर तेरा हजार अँपिअर पिते. सगळ्या बुऱ्हाणपुरातले कापडाचे लूम एकटी चालवू शकेल. म्हणूनच थांबते बिचारी.

तेवढ्यात गाडी थांबली. आणि छान वास आला. सासूबाई म्हणाल्या, जवळ कुठं आरती चालू असंल, उदबत्तीचा वास येते. दोघी-तिघींनी हात जोडले. घरवालीनं ब्रेक दाबून मागच्या चाकाला दगड लावायला सांगितला, खाली उतरली, मला बखोट धरून बाजूला केलं आणि स्वतः सीटमध्ये वाकली. ती तव्याला हात न लावता सांगते तवा तापला का. तिनं बॅटऱ्यांवरून तळहात फिरवला, आणि मी जिथं काळी वायर टेकवली होती तिथं येऊन थांबली. "इथंच एवढं गरम काहून आहे?"

तिनं पदरानं धरून रबराची टोपी काढली. आतून धूर आला. पान्यानं नट सोडवला, थिंबल वर केलं, आणि थिंबल आणि टर्मिनलच्या मधून एक काळा-लाल गुच्छा बाहेर आला. पूजेचा दोरा. जो हाताला बांधतात तो, चांगला चार-पाच वेढे, जळून चिवडा झालेला, आणि त्याच्या भोवती पांढरी-हिरवी बुरशी.

आता दोरा तिथं कसा गेला ते सांगतो. आमच्याकडं दसऱ्याला अवजारांची पूजा करतात, गाडीची करतात. गाडीची पूजा त्या वर्षी मी केली होती. लोक हँडलला दोरा बांधतात. मी विचार केला, हँडल काय करते, गाडीचा जीव तर बॅटरीत आहे. म्हणून बॅटरीला बांधला. आणि नुसता वरून बांधला तर सुटून जाईल, म्हणून नट सोडवला, टर्मिनलला दोरा गुंडाळला, वरून थिंबल बसवलं आणि पक्कं कसलं. देवाचं काम पक्कं पाहिजे. त्यावर नारळ फोडला. नारळाचं पाणी आत गेलं असंल तर तेबी माझ्याच भक्तीचं.

म्हणजे करंटला जायला रस्ताच नव्हता. सपाटीवर थोडा करंट लागतो, तो कसाबसा नटाच्या आट्यांतून जायचा. चढावर भरपूर लागला की त्या दोऱ्यापाशी अडायचा, तापायचा, चारही बॅटऱ्या भरलेल्या असून गाडीला वाटायचं बॅटरी संपली. आणि मी वायर चुकीच्या जागी टेकवली म्हणून तो अडथळाच मोजला गेला. बरोबर टेकवली असती तर आकडा बरोबर आला असता आणि मी अजून मोटर खोलून बसलो असतो.

बाया इतक्या हसल्या की टाळ आपोआप वाजले. मीबी हसत होतो. मंग पाहिलं तर घरवाली हसत नव्हती. ती दोरा हातात धरून चढाच्या कडेला दगडावर बसली होती. मला वाटलं, आता उरलेली भुवई जाते. मी तयारीत उभा राहिलो.

ती म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं, मलाच चालवता येत नाही."

एवढंच म्हणाली. स्टेशनवरच्या लोकांचं ती ऐकत नाही असं मी समजत होतो. ती रोज ऐकत होती, आणि थोडं थोडं खरं मानत होती. शेवटी मी म्हटलं, तुझा पाय बरोबर आहे, माझा हात चुकीचा आहे. ती म्हणाली, ते तर लग्नापासून माहीत आहे, आणि तेव्हा कुठं हसली.

सासूबाईंना वेगळाच प्रश्न. देवाचा दोरा कचऱ्यात कसा टाकायचा? "तापीत सोडून या, आनि जावईबापू, हात जोडा, पन दुसरं काही करू नका." मी घाटावर उतरून दोरा सोडला, हात जोडले आणि दुसरं काहीच केलं नाही.

घरी आणून टर्मिनल खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतलं, सुकवलं, पॉलिश पेपरनं घासून चमकवलं, नट कसला, वरून व्हॅसलिन. हे सगळं तिनं केलं. मी पॉलिश पेपर पकडून उभा होतो. संध्याकाळच्या आत पुन्हा चढावर गेलो, त्याच बाया घेऊन, कारण त्यांना आता पाहायचंच होतं. ह्या वेळी दोन्ही टोकं थिंबलवर. वायरीवर अठरा-वीस मिलीव्होल्ट आले. त्याच बाईनं मोबाईल दाबून सांगितलं, साठेक अँपिअर. एवढी भरलेली गाडी चढावर एवढंच खाते. मंग मी काळी वायर पुन्हा टर्मिनलवर सरकवून पाहिली, तर आकडा जागचा जेमतेम हलला. गाडी थांबली नाही. बायांना भजन संपवायला वेळ मिळाला नाही, वर पोचून गाडीतच संपवावं लागलं.

सोमवारी मॅडम चढाखाली उभ्या होत्या, बरोबर नवी दप्तरं घेतलेली पोरं आणि पोरांच्या आया. मी मीटर घेऊन सीटकडं वळलो तर घरवालीनं मला सगळ्यांसमोर उतरवलं. म्हणाली, पोरांना बसायला जागा पाहिजे. मॅडम पोरांच्या मधी बसल्या. गाडी निघाली. मी मागून चालायला लागलो, चालता चालता पळायला लागलो, म्हणजे थांबलीच तर दगड लावायला कोणी पाहिजे. चढाच्या मध्यावर, जिथं ती रोज थांबायची, तिथं ती जरा हळू झाली आणि मी दगड उचलला. पुढं एक म्हैस होती. म्हैस बाजूला झाली, गाडी वर गेली. मी हातात दगड घेऊन खालीच राहिलो.

धापा टाकत शाळेच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा पोरं उतरली होती आणि मॅडम डोळे पुसत होत्या. मला वाटलं काही झालं. मंग कळलं की हसून हसून पाणी आलं आहे. वाटेत घरवालीनं त्यांना सगळं सांगितलं होतं, भुवईपासून तेरा हजारांपर्यंत. मॅडमनी माझ्याकडं नीट पाहिलं, विशेष करून डावीकडं, आणि म्हणाल्या की काम पक्कं, उद्यापासून रोज दोन फेऱ्या. फक्त त्यांची एक अट आहे.

"गाडीला तुमचे मिस्टर हात लावणार नाहीत."

घरवाली म्हणाली, मॅडम, ती अट घरी कालच लागू झाली. मंग तिनं गाडी वळवली, कारण खाली घाटावर उरलेली पोरं दुसऱ्या फेरीची वाट पाहत होती. मी बसायला पाय उचलला तोवर ती फाटकाच्या बाहेर गेली होती.